टाच टेकताना

मुंबईच्या नकाशावर गोराई दोनदा येते. एक बोरिवली पश्चिमेला, खाडीच्या अलीकडे. जागतिक बँकेच्या कर्जावर १९८५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने आखलेले प्लॉट, त्यांवर आधी बैठी आणि मग मजले चढवलेली घरं, आणि रिक्षावाल्याला सांगायच्या ‘गोराई एक’, ‘गोराई दोन’ अशा खुणा. दुसरी खाडीच्या पलीकडे. कोळी आणि ईस्ट इंडियन कुटुंबांचं जुनं गाव, भाजीच्या वाड्या, वाळत घातलेले बोंबील, समुद्रकिनारा आणि २००९ पासून विपश्यनेचा सोनेरी पॅगोडा. मध्ये बोटीचा थोडासा प्रवास. रस्त्याने जायचं तर भाईंदर-उत्तनचा भला मोठा वळसा.

अलीकडच्या गोराईत पायाखाली लादी असते, पलीकडच्या गोराईत वाळू, माती आणि धक्क्याच्या पायऱ्या. टाच मात्र दोन्हीकडे दुखते. अलीकडच्या बाईला ती ओट्यापाशी उभं राहून दुखते, पलीकडच्या मावशीला टोपली घेऊन बाजार गाठताना. दोघींनाही शेवटी एकच वाक्य ऐकायला मिळतं: ‘हाड वाढलंय.’ ही पुस्तिका त्या वाक्याच्या पुढे काय, हे सांगण्यासाठी लिहिली आहे. प्रस्तावनेत त्या वाक्याच्या मागे काय आहे ते सांगावं, असं मी ठरवलं.

दुखण्याची ओळख पटायला फारशी विद्वत्ता लागत नाही. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेच्या खालच्या बाजूने, जरा आतल्या अंगाला, सणक जाते. दहा-वीस पावलं लंगडत टाकली की ती कमी होते आणि माणूस कामाला लागतो. दुपारी जेवून बसलं आणि उठलं की पुन्हा तीच सणक. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी टाच ठणकते. पॅगोड्याच्या आवारात विपश्यनेचं शिबिर असतं, तिथे पहाटे चारला घंटा होते आणि दिवसभर तासातासाची बैठक असते. टाच दुखणाऱ्या साधकाला ध्यानात बसताना काहीच होत नाही, त्रास होतो तो उठताना. विश्रांतीनंतर वाढणारं आणि चार पावलांनी ओसरणारं दुखणं, एवढी एक खूण घट्ट धरली तरी निम्मं निदान झालं.

असं का होतं, हे समजून घ्यायचं तर तळव्यात उतरावं लागतं. टाचेचं हाड हे पावलातल्या २६ हाडांमधलं सर्वांत मोठं. त्याच्या खाली सुमारे पावणेदोन सेंटिमीटर जाडीची चरबीची गादी असते. ती कप्प्याकप्प्यांची असते, म्हणून दाबली तरी बाजूला पसरत नाही. या हाडाच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यापासून एक जाड, चिवट पट्टा निघतो आणि पुढे पाच फाटे होऊन बोटांच्या मुळाशी जातो. त्याला प्लँटर फॅशिया म्हणतात. आपण सोयीसाठी तळव्याचा पट्टा म्हणू. पावलाची कमान उभी ठेवणं हे त्याचं काम. १९५४ मध्ये हिक्स या ब्रिटिश संशोधकाने हे काम कसं चालतं ते दाखवताना उपमा घेतली ती बोटीवरची: नांगराचा दोर रहाटावर गुंडाळत जावा तसा हा पट्टा पाऊल उचलताना अंगठ्याच्या सांध्याभोवती ओढला जातो, टाच आणि बोटं जवळ येतात, कमान उंचावते आणि पाऊल ताठ होऊन शरीर पुढे ढकललं जातं. गोराईच्या धक्क्यावर ही उपमा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. दर पावलाला हा दोर ताणला जातो, आणि त्याचा सगळा ओढा टाचेच्या त्या एका उंचवट्यावर येतो.

ओढा त्या जागेच्या सोसण्यापलीकडे गेला की तिथले तंतू झिजतात. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आखडतो, आणि सकाळच्या पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जातो. सणक ती हीच. बरीच वर्षं या प्रकाराला सूज म्हटलं गेलं, ‘प्लँटर फॅशिआयटिस’ या त्याच्या वैद्यकीय नावातही सूजच आहे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या लेमाँट आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ५० रुग्णांच्या पट्ट्यांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. तिथे दाहाच्या पेशी सापडल्या नाहीत, सापडली ती झीज आणि विस्कटलेले तंतू. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी चार दिवस बरं वाटतं आणि पाचव्या दिवशी टाच पुन्हा बोलते, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

मग हाड कुठून आलं? ते आलं एक्स-रेमधून. राँटगेनने १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि पाचच वर्षांत, १९०० मध्ये, प्लेटनर या जर्मन डॉक्टराने टाचेच्या हाडाला पुढे आलेल्या टोकाचं वर्णन केलं. नव्या यंत्राला हाडच तेवढं दिसत होतं, पट्टा दिसतच नव्हता. साहजिकच दिसलं त्यावर आळ आला. पुढच्या काही वर्षांत त्या टोकाला कधी परम्याचा परिणाम म्हटलं गेलं, कधी ते छिन्नीने उडवून टाकलं गेलं. टोक काढूनही दुखणारे रुग्ण राहिले, आणि टोक असून कधीच न दुखलेले लोकही सापडत गेले. आज एवढं नक्की माहीत आहे की टाचेच्या तक्रारीशिवाय दुसऱ्याच कारणाने पायाचा एक्स-रे काढलेल्या माणसांतही असं टोक पुष्कळदा दिसतं, वय आणि वजन वाढेल तसं जास्त दिसतं. उलट, टाच दुखणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांच्या एक्स-रेत ते दिसतच नाही. शिवाय ते टोक बऱ्याचदा पट्ट्यात नसतंच, त्याच्या वर असलेल्या बोटं वाकवणाऱ्या छोट्या स्नायूच्या मुळाशी असतं. तळव्यात घुसणारा काटा म्हणून जे चित्र दवाखान्याच्या भिंतीवर लावलेलं असतं, ते पाहून घाबरायला होतं, पण शरीररचना तशी नाही. हाडाचं टोक ही वर्षानुवर्षांच्या भाराची नोंद आहे. नोंदवही फाडली म्हणून हिशेब मिटत नाही.

एक गोष्ट मात्र मला इथे थांबून सांगायची आहे. ‘हाडाचा दोष नाही’ असं डॉक्टर म्हणतात तेव्हा ते बरोबर असतात, पण ऐकणाऱ्या बाईच्या हातातून काहीतरी काढून घेतलं जातं. तिने महिनोन्‌महिने घरात सांगितलेलं असतं की टाच टेकवत नाही, आणि ऐकणाऱ्यांनी ते ‘वय झालं’, ‘वजन कमी कर’ यावर उडवून लावलेलं असतं. एक्स-रे आला, त्यात टोक दिसलं, की पहिल्यांदा घरातल्यांचा विश्वास बसतो. खिडकीच्या उजेडात धरून दाखवता येईल असं दुखणं तिला मिळतं. म्हणून ही पुस्तिका वाचणाऱ्या नवऱ्यांना, मुलांना आणि सुनांना माझी विनंती आहे: एक्स-रेत काही दिसो वा न दिसो, पट्ट्याची झीज खरी असते आणि तिचं दुखणं खरं असतं. दहापैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी ते होतं.

एक्स-रेच्या कितीतरी आधी आपल्याकडे या दुखण्याची नोंद झालेली आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये वातकंटक येतो. पाऊल वाकडंतिकडं पडल्याने वायू घोट्याच्या भागात जाऊन दुखणं आणतो, असं सुश्रुत म्हणतो. पुढे वाग्भटाने त्याच्या कारणांत श्रमही धरले. वायूचा सिद्धांत मानावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण वाग्भटाने माणसाच्या दिवसाकडे पाहिलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. क्ष-किरणांनी नेमकी तीच नजर काही काळ हिरावून घेतली. इंग्रजांच्या देशात हे दुखणं गस्त घालणाऱ्या पोलिसांच्या नावावर जमा होतं. २००३ मध्ये डॅन रिडल यांच्या गटाने अमेरिकेत केलेल्या अभ्यासात तीन गोष्टी पुढे आल्या: वजन, कामाचा बराचसा वेळ उभं राहणं, आणि घोटा वर पुरेसा न वळणं. यातली तिसरी सर्वांत जड ठरली. पोटरी आखडलेली असेल तर घोटा वळत नाही, आणि घोटा वळला नाही की ताण तळव्यावर उतरतो. म्हणून टाचेच्या पुस्तिकेत पोटरीची इतकी पानं आहेत.

गोराईच्या दोन्ही काठांवर हे तिन्ही कसं भेटतं ते पाहण्यासारखं आहे. अलीकडच्या काठावर घरात चप्पल घालायची पद्धत नाही. चपला दाराबाहेर, आणि आत गुळगुळीत, टणक लादी. स्वयंपाक उभ्याने, ओट्यापाशी. पूर्वी चुलीपुढे बसून स्वयंपाक व्हायचा तेव्हा गुडघे कुरकुरायचे, आता टाचा कुरकुरतात. जुना काळ सोन्याचा होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण डॉक्टर ‘मऊ चप्पल वापरा’ सांगतात तेव्हा बाई ती बाहेर जाताना वापरते, म्हणजे दिवसातला तासभर. उरलेले सगळे तास अनवाणी. या दुखण्यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी पाळला जाणारा उपाय कुठला असेल तर घरातल्या चपलांचा. वेगळा, स्वच्छ, फक्त घरात वापरायचा जोड, उठल्याबरोबर पाय टेकतील तिथे खाटेखाली ठेवलेला. देवघरात काढायचा, बाकी घरभर पायात. सासूबाईंना पटवायला थोडे दिवस जातात. पॅगोड्यात किंवा देवळात तर पादत्राणं बाहेर ठेवावीच लागतात, तिथे पायमोज्यात बसणारी सिलिकॉनची टाच कामाला येते.

बाजारात ‘डॉक्टर चप्पल’ म्हणून जी मिळते ती एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराची. या रबराची पादत्राणं आपल्याकडे रुजली ती कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी, वेल्लोर आणि करिगिरीच्या रुग्णालयांतल्या कामातून. दाब पसरवणं हा या चपलेचा गुण. तो टाचेलाही उपयोगी पडतो. मात्र चप्पल नुसती मऊ असून भागत नाही. दोन बोटांनी दाबल्यावर जी पार तळाला जाते ती चालताना टाचेला आधार देत नाही. टाचेच्या बाजूला थोडी उंच, मध्ये कमानीला टेकणारी, आणि हातात धरून पिळली तर सहज न पिळली जाणारी, अशी पाहावी. टोकदार दाण्यांच्या अॅक्युप्रेशर चपलांबद्दल माझं मत चांगलं नाही. दुखऱ्या जागेवर दिवसभर टोचत राहणं याला उपचार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पलीकडच्या काठावरची गोष्ट वेगळी. मासे विकणाऱ्या मावशीला ‘तीन आठवडे विश्रांती’ असा कागद दिला तर ती तो कमरेला खोचते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बोट पकडते. विश्रांतीचा सल्ला ज्यांना परवडतो त्यांच्यासाठी लिहिलेला असतो. तिच्या दिवसात बदल करायचा तर तो तिच्या दिवसातल्या वस्तूंनीच करावा लागेल. ओहोटीला बोट खाली जाते आणि धक्क्याची चढण वाढते. तेव्हा उडी न मारता पाऊल पूर्ण टेकवून चढणं, ओझं आधी वर देणं. एकच मोठी टोपली एकदम नेण्यापेक्षा वजन दोन खेपांत किंवा दोन माणसांत वाटणं, जिथे जमेल तिथे. बसून विक्री करताना दर अर्ध्या तासाने पाऊल घोट्यातून वर-खाली करणं, आणि उठण्याआधी बोटं हाताने मागे ओढणं. बर्फ तिच्याकडे असतोच. फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं टाचेखाली धरला तर ठणका उतरतो. घरी असलेल्यांनी पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तळव्याखाली फिरवावी. बर्फाने झीज भरून येत नाही, त्या संध्याकाळपुरता आराम मिळतो, आणि दिवसभराच्या कामानंतर तोही थोडा नसतो.

आता वाळू. बोरिवली-कांदिवलीत कुणाची टाच दुखायला लागली की कुणीतरी हमखास सांगतं, ‘गोराईला जा, सकाळी वाळूत अनवाणी चाल.’ ऐकायला हे इतकं निरोगी वाटतं की त्यावर शंका घेणं पाप वाटावं. कोरड्या, भुसभुशीत वाळूत टाच खोल जाते, घोटा जास्त वळतो, पोटरी आणि तळव्याचा पट्टा नेहमीपेक्षा जास्त ताणला जातो. लझन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मोजलं तेव्हा वाळूत चालायला टणक जमिनीच्या दुपटीहून जास्त, २.१ ते २.७ पट शक्ती लागते असं दिसलं. म्हणजे तो व्यायाम आहे, आणि चांगला कस लावणारा. दुखणं जोरात असताना तो करू नये. सकाळची सणक बरीच कमी झाली, रोजच्या चालण्याचा त्रास उरला नाही, की मग ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवरून सुरुवात करावी, तीही थोडी. किनारा पाण्याकडे उतरता असतो, म्हणून एकाच दिशेने लांब चालत गेलं तर एका पायावर सतत वेगळा ताण येतो. गेलो तेवढंच परत यावं. किनाऱ्यावर काचा आणि मासळीचे काटे असतात, तेव्हा मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालायचा विचारही करू नये.

मधुमेहाचं आणखी एक. रुईचं पान गरम विटेवर ठेवून त्यावर टाच शेकायचा उपाय आपल्याकडे घरोघर माहीत आहे. शेकाने स्नायू सैल पडतात आणि बरं वाटतं, त्यात खोटं काही नाही. रुईच्या पानाने हाड विरघळतं हे मात्र खोटं आहे. हाड विरघळवणारी गोळीही नाही, तेलही नाही, कुणी कितीही मोठ्या जाहिरातीत सांगितलं तरी. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. आणि ज्याच्या पायाला मधुमेहाने बधिरपणा आला आहे, त्याला वीट किती तापली आहे ते कळत नाही. भाजल्याचं दुसऱ्या दिवशी फोड पाहून कळतं, आणि अशी जखम टाचदुखीपेक्षा फार महागात पडते. काशाच्या वाटीने तळवे घासणं त्या मानाने निरुपद्रवी. झोपही चांगली लागते.

पट्ट्याला खऱ्या अर्थाने बरं करणारी गोष्ट व्यायाम आहे, आणि तो करायला जागा लागते ती खाटेच्या कडेएवढी. अमेरिकेत डिजिओव्हानी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तपासलेली पद्धत पुढे चित्रांसह दिली आहे: अंथरुणातून उठायच्या आधीच दुखऱ्या पायाची घडी दुसऱ्या मांडीवर घालायची, बोटं हाताने नडगीकडे ओढायची, तळव्यात पट्टा तारेसारखा ताठ लागला की दहापर्यंत मोजायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिली फेरी पहिल्या पावलाच्या आधी, हे यातलं मर्म. चहा झाल्यावर केलेली फेरी वाया जात नाही, पण सकाळची सणक ती थांबवत नाही.

दुसरा व्यायाम डेन्मार्कच्या रॅथलेफ यांनी तपासला, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जिन्याच्या पायरीवर बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून उभं राहायचं आणि टाच हळूहळू वर न्यायची: तीन सेकंद वर, दोन सेकंद थांबून, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड. जमेल तसं पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवायचं. ज्याला भाराने दुखणं दिलं त्याला भारानेच बरं करायचं, हे पहिल्यांदा उफराटं वाटतं. पण झिजलेला पट्टा नुसत्या विश्रांतीने मजबूत होत नाही. त्याला मोजून-मापून, वाढत्या क्रमाने काम द्यावं लागतं. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळी सणक वाढली नाही तर मात्रा बरोबर आहे. सणक वाढली तर वजन उतरवायचं. यापेक्षा गुंतागुंतीचं शास्त्र इथे नाही.

धीर मात्र लागतो, आणि तो फार. आठवड्यांत नाही, महिन्यांत मोजायचं हे दुखणं आहे. शस्त्रक्रियेशिवाय दहापैकी आठ-नऊ जण वर्षभरात बरे होतात. ही खरं तर आनंदाची बातमी आहे, पण ऐकणाऱ्याला त्यातलं ‘वर्षभर’ एवढंच ऐकू येतं. मग तो इंजेक्शनकडे वळतो. स्टेरॉइडचं इंजेक्शन दुखणं लवकर थांबवतं, पण काही आठवड्यांनी किंवा फार तर दोन-तीन महिन्यांनी त्याचा असर ओसरतो. वारंवार घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी विरते आणि पट्टा तुटण्याचा धोका असतो. एखादं, विचारपूर्वक, व्यायाम सुरू करता यावा म्हणून घेतलेलं इंजेक्शन वेगळं. दर लग्नसराईला टाच सुन्न करून घेणं वेगळं. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते, हे आधीच सांगून ठेवावं. व्यायाम करूनही सहा महिन्यांत फरक नसेल तर शॉकवेव्ह उपचार आहेत. अमेरिकेत त्यांना २००० मध्ये मान्यता मिळाली आणि मुंबईत आता ते सहज मिळतात. शस्त्रक्रिया फारच थोड्यांना लागते, आणि तिच्यातही मुख्य काम पट्ट्याचा ताण सैल करण्याचं असतं.

उभं राहण्याचा प्रश्न टाचेपुरता सुटणारा नाही. मॉलमधल्या मुली, दुकानातले सेल्समन, सोसायटीचे वॉचमन, परिचारिका, वाहतूक पोलीस यांच्या टाचा त्यांच्या मालकांच्या नियमांवर उभ्या असतात. गिऱ्हाईक नसतानाही बसायचं नाही, असा अलिखित नियम असलेली दुकानं बोरिवलीच्या रस्त्यांवर सहज दिसतील. केरळात कोळिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं झगडा केला आणि २०१८ मध्ये तिथला दुकाने कायदा बदलला. २०२१ मध्ये तामिळनाडूने तसाच बदल केला. एक स्टूल हे टाचेचं औषध आहे, आणि ते डॉक्टरांना लिहून देता येतं. मी तर म्हणेन, द्यावंच.

कोळीवाड्यासाठी सोयीचा एक काळ आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. काम पूर्ण थांबतं असं नाही, सुकी मासळी असते, जाळी असतात, घर असतं, पण बाजाराची धावपळ कमी होते. जिन्यावरचा व्यायाम या दोन महिन्यांत सुरू केला तर नारळी पौर्णिमेनंतर टोपली पुन्हा उचलताना पट्ट्याच्या अंगात थोडं बळ आलेलं असेल. पावसात बाहेरच्या पायऱ्या शेवाळतात, म्हणून घरातली पायरी निवडावी, आणि भिंतीचा आधार सोडू नये.

पुस्तिका कशी वाचावी याबद्दल थोडं सांगून थांबतो. चित्रांकडे वळण्याआधी दुसऱ्या प्रकरणातली यादी वाचा, कारण टाच दुखते ते दर वेळी पट्ट्यामुळेच असं नाही. तिशीच्या आतल्या मुलाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी पाठ तासभर आखडलेली राहत असेल, तर तो सांधेवाताचा प्रकार असू शकतो. त्याला संधिवाततज्ज्ञाकडे न्यावं. आठ ते चौदा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलाची टाच मागच्या बाजूने दुखते तेव्हा बहुतेकदा वाढीच्या जागेवरचा ताण असतो, आणि तो वयाबरोबर जातो. मोठ्यांत मागच्या बाजूचं दुखणं बहुतेकदा पोटरी टाचेला जोडणाऱ्या कंडरेचं असतं, त्याचे व्यायाम वेगळे. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत दाबल्यावर कळ येत असेल तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते, विशेषतः शिर्डीच्या पायी पालखीसारखं लांबचं चालणं अचानक केलं असेल तेव्हा. मुंग्या, जळजळ किंवा बधिरपणा असेल तर शीर दबलेली असू शकते. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, लाली, किंवा ‘कट्’ असा आवाज होऊन एकाएकी आलेली सूज यांपैकी काहीही असेल तर पुस्तिका मिटून ठेवा आणि खाडीच्या ज्या काठावर दवाखाना जवळ पडेल तिथे जा. आणि मधुमेह असलेल्यांनी शेकाचं पान सोडून थेट चपलांच्या पानावर जावं.